गूढ शब्दकोड्याचे शोधसूत्र: सोडवावे कसे आणि उलगडून सांगावे कसे

विणकराने चालवला, पोलिसाने काढला (२).

चार शब्दांचे हे शोधसूत्र आहे आणि उत्तर दोन घरांचे आहे, एवढे कंसातला आकडा सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचे येणेजाणे आहे त्याला पहिला अर्धा भाग चटकन उमगेल, कारण विणकर चालवतो तो माग. पोलीस चोराचा काढतात तोही मागच. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि विणकर व पोलीस यांच्यात काही घडल्याचा जो भास होतो तो केवळ वाक्याच्या ठेवणीमुळे होतो. साध्या शब्दकोड्यात ‘विणकराचे साधन’ एवढेच विचारले असते, आणि माग, धोटा की आणखी काही, हे आपण छेदणाऱ्या अक्षरांवरून ठरवले असते. गूढ शब्दकोड्यात उत्तराकडे जाणाऱ्या वाटा दोन असतात. त्या दोन्ही एकाच शब्दाशी येऊन मिळाल्या की उत्तर बरोबर असल्याची खात्री तिथल्या तिथे पटते.

आमच्या घरी दर रविवारी सकाळी तिघेजण कोडे घेऊन बसतात. शेजारचे अण्णा, ज्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते आणि ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले, माझी भाची, जी नववीत आहे, आणि मी. आमचा नियम एकच आहे. उत्तर ज्याला सुचेल त्याने त्याचे स्पष्टीकरण द्यायचे, आणि सूत्रातल्या प्रत्येक शब्दाचा व उत्तरातल्या प्रत्येक अक्षराचा हिशेब लागल्याशिवाय ते उत्तर चौकटीत लिहायचे नाही. उत्तर सुचणे आणि सूत्र सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याच मताच्या आधाराने लिहिला आहे. उदाहरणांतली काही सूत्रे मी स्वतः रचलेली आहेत.

अक्षर कशाला म्हणायचे

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, म्हणजे व्यंजन, त्याचा काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, सगळे मिळून एक घर. जोडाक्षरालाही एकच घर मिळते. त्यामुळे ‘अक्कलकोट’ पाच घरांचे आहे (अ, क्क, ल, को, ट) आणि ‘मंगळवेढा’ही पाच घरांचेच आहे (मं, ग, ळ, वे, ढा). बोटांवर मोजून पाहण्याची सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी, कारण जोडाक्षर दोनदा मोजल्याने पुष्कळ चांगली उत्तरे ‘बसत नाही’ म्हणून सोडून दिली जातात.

या नियमाचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. अक्षरे हलवली तरी काना-मात्रा आपापल्या अक्षरासोबतच जातात. ‘नवरा’ आणि ‘वानर’ ही जोडी पुष्कळांना अदलाबदलीची वाटते, पण ती तशी नाही: पहिल्यात न, व, रा आहेत आणि दुसऱ्यात वा, न, र आहेत. काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवल्याशिवाय नवऱ्याचा वानर होत नाही, आणि तसे करायची मुभा नसते. उलट ‘मरा’ उलटे वाचल्यावर ‘राम’ मिळतो तो अगदी नियमात बसतो, कारण म आणि रा ही दोन अक्षरे आहेत तशीच जागा बदलतात. वाल्या कोळ्याची कथा लहानपणी ऐकलेल्या प्रत्येकाला उलट वाचनाचा हा नियम नकळत ठाऊक असतो.

वाचनाची पद्धत

सूत्र दोनदा वाचावे. पहिल्यांदा वाचताना जे चित्र डोळ्यांसमोर येते ते मनातून पुसून टाकावे, कारण रचणाऱ्याने ते चित्र आपले लक्ष वेधून घेण्यासाठीच काढलेले असते. दुसऱ्यांदा वाचताना स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह यांच्याकडे दुर्लक्ष करावे आणि शब्द सुटे करून पाहावेत.

मग अर्थभाग शोधावा. उत्तराचा सरळ अर्थ सांगणारा हा भाग सूत्राच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतो. मध्ये कधीच नसतो. उरलेल्या शब्दांतून उत्तराची अक्षरे घडवायची असतात, त्याला आपण शब्दखेळ म्हणू. शब्दखेळात काही शब्द कच्चा माल असतात आणि एखादा शब्द त्या मालाचे काय करायचे ते सांगतो. हा सांगणारा शब्द म्हणजे खुणेचा शब्द. अर्थभाग आणि शब्दखेळ यांना सांधणारा एखादा जोडशब्दही असू शकतो: ‘म्हणजे’, ‘तरी’, ‘मिळालेले’, ‘होतो’. याहून अधिक काही सूत्रात नसावे.

हे प्रत्यक्षात पाहू.

एका पडवीत सापडला गिरणीचा माल (३).

वरवर पाहता कोणाच्या तरी ओसरीवर चोरीचा माल मिळाल्याची बातमी वाटते. शेवटचे दोन शब्द वेगळे काढले की ‘गिरणीचा माल’ हा अर्थभाग दिसतो. सोलापूरच्या माणसाला कापड सुचायला हरकत नाही. पण सुचले म्हणून लिहायचे नाही. उरले ‘एका पडवीत सापडला’. यातली ‘त’ ही विभक्ती सुटी करा आणि ‘एका पडवी’ची अक्षरे ओळीने लिहा: ए, का, प, ड, वी. मधली तीन अक्षरे का, प, ड. उत्तर कागदावर आधीपासूनच लिहिलेले होते, फक्त दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेने ते तोडले होते. स्पष्टीकरण असे लिहावे: ‘अर्थभाग: गिरणीचा माल. शब्दखेळ: “एका पडवी” यात सलग दडलेला शब्द. खूण: -त सापडला. उत्तर: कापड.’ हिशेब पूर्ण झाला, एकही शब्द उरला नाही.

मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतात, आणि मराठी गूढकोड्याचे खरे मर्म मला तरी तिथेच दिसते. खूण पुष्कळदा स्वतंत्र शब्द म्हणून येतच नाही. ती -त, -ने, -ला, -चा यांच्या रूपाने शब्दाच्या शेपटीला लपलेली असते. म्हणून प्रत्येक नामाचा प्रत्यय मनातल्या मनात कापून पाहण्याची सवय लावावी. ‘हातमागात अडकलेली पर्वा (२)’ या सूत्रातही हेच होते: हातमाग या शब्दाच्या पोटात ‘तमा’ आहे, आणि तमा म्हणजे पर्वा.

याच सूत्रावरून आणखी एक गोष्ट शिकता येते. ‘अडकलेली’ हे स्त्रीलिंगी आहे, कारण पर्वा स्त्रीलिंगी आणि तमाही स्त्रीलिंगी. मराठीत लिंग आणि वचन सगळीकडे उमटते, म्हणून रचणाऱ्याला ते लपवता येत नाही. ‘सोलापूरच्या उत्तरार्धात भीमेला आलेला (२)’ असे सूत्र समोर आले की ‘आलेला’ या रूपावरूनच उत्तर पुल्लिंगी एकवचनी आहे हे कळते, आणि सो-ला-पू-र या चार अक्षरांचा दुसरा अर्धा भाग घेतला की ‘पूर’ हाती येतो. इंग्रजी कोडी सोडवणाऱ्याला ही मदत मिळत नाही. आपल्याला मिळते, तर ती अवश्य घ्यावी.

अक्षरांची उलथापालथ

हा प्रकार ओळखायला सोपा मानला जातो. कच्चा माल सूत्रात जसाच्या तसा दिलेला असतो आणि शेजारी बिघाडाचा, हालचालीचा किंवा नव्या मांडणीचा शब्द असतो: विस्कटलेले, मोडके, फुटलेले, ढवळलेले, झिंगलेला, चवताळलेली, गोंधळून, मांडणी बदलून.

‘चवताळलेली मगर मे महिन्यातल्या सोलापूरसारखी (३)’. म, ग, र यांची जागा बदलली की ‘गरम’. उन्हाळ्यात नवी पेठेतून दुपारी चालत गेलेल्या माणसाला अर्थभागाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

‘कवच फुटले तरी राहणारी जरब (३)’. क, व, च यांतून ‘वचक’. इथे रचणाऱ्याचे कौशल्य पाहण्यासारखे आहे. त्याला ‘फुटलेल्या कवचाची जरब’ असे लिहिणे सोपे होते, पण तसे लिहिले की कच्चा माल क, व, चा, ची असा होतो, आणि त्यातून वचक निघत नाही. शब्दाचे सामान्यरूप झाले की शेवटचे अक्षर बदलते, म्हणून उलथापालथीचा माल नेहमी मूळ रूपातच यायला हवा. काही रचणारे याबाबतीत सैलपणा करतात आणि ‘समजून घ्या’ म्हणतात. मला ते मान्य नाही; सोडवणारा जे कागदावर आहे त्यावर विसंबतो, आणि कागदावर ‘चा’ असताना त्याने ‘च’ धरावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

क्रियापदही कच्चा माल असू शकते, आणि ते ओळखणे अवघड जाते. ‘मांडणी बदलून विकता ओळींची रचना (३)’ हे सूत्र आम्ही तिघांनी वाचले तेव्हा भाची ‘विकता’चा समानार्थी शब्द शोधत राहिली. अण्णा मात्र वाक्याच्या अर्थात शिरलेच नाहीत. त्यांनी पेन्सिलीने वि, क, ता ही तीन अक्षरे त्रिकोणात लिहिली, डावीकडून एकदा फिरवली, आणि म्हणाले, “कविता आहे बघ बाळ. विकायचं कुणीच नाही इथं.” भाचीने विचारले, “अण्णा, तुम्हाला लगेच कसं दिसतं?” त्यांनी दिलेले उत्तर मी जपून ठेवले आहे: “मराठी शब्द मी शाळेत एकेक अक्षर लावून वाचायला शिकलो. तुम्ही ते आधी ऐकता, मी आधी बघतो.” तिसऱ्या किंवा चौथ्या प्रयत्नातही सूत्र सुटले नाही, तर अक्षरे ओळीत न लिहिता त्रिकोणात किंवा गोलात लिहावीत, ही युक्ती मी त्यांच्याकडून घेतली. ओळीत लिहिलेली अक्षरे जुन्या शब्दाचा उच्चार सोडत नाहीत.

उलथापालथीचा विषय निघाला आहे, तर एक चूकही सांगून टाकतो, कारण ती टाळण्यासारखी आहे. ‘विस्कळीत रसद वर्तमानपत्रात नियमित येते (३)’ असे सूत्र होते. मी शेवटचे तीन शब्द वाचले, ‘बातमी’ तीन अक्षरांत बसते हे पाहिले, ‘येते’ या रूपाशीही ती जुळते म्हणून समाधान मानले आणि शाईने लिहून मोकळा झालो. त्या ‘बातमी’च्या मधल्या घरातून उभा शब्द जात होता, त्याचे सूत्र होते ‘गावाकडच्या चहाच्या भावाने मिळालेले सोलापुरी पांघरूण (३)’. उत्तर उघडच ‘चादर’, पण मधे त असल्याने द बसेना. चादर चुकीची असावी अशी शंका घेऊन मी अर्धी दुपार पांघरुणांची नावे आठवत बसलो. चादर बरोबरच होती: गावाकडे चहाला चा म्हणतात, भाव म्हणजे दर, आणि चा + दर = चादर. चूक आडव्या शब्दात होती. ‘विस्कळीत रसद’ या दोन शब्दांचा हिशेब मी दिलाच नव्हता. र, स, द विस्कटली की ‘सदर’, आणि वर्तमानपत्रात नियमित येते ते सदर. अर्थभागाला शोभणारे उत्तर आणि सूत्राने सांगितलेले उत्तर यांच्यातला फरक मला त्या दुपारी नीट समजला. तेव्हापासून मी हिशेब लागेपर्यंत पेन्सिलच वापरतो.

जोडणी

दोन किंवा अधिक छोटे शब्द एकापुढे एक ठेवून मोठा शब्द घडवणे, हा प्रकार मराठीला विशेष मानवतो. आपल्याकडे एकाक्षरी आणि द्व्यक्षरी शब्दांची रेलचेल आहे, आणि संस्कृतातून आलेल्या एकाक्षरी शब्दांची त्यात भर पडते: भा म्हणजे तेज, मा म्हणजे लक्ष्मी, ख म्हणजे आकाश. अशा शब्दांची एक वही करावी. ती वर्षभरात फार कामाला येते.

‘कशासाठी युद्ध? हेच निमित्त (३)’. कशासाठी म्हणजे का, युद्ध म्हणजे रण, दोन्ही मिळून ‘कारण’, आणि कारण म्हणजे निमित्त. प्रश्नचिन्हाने वाक्य मध्येच तोडले आहे, पण अक्षरांना त्याची बाधा होत नाही.

याच प्रकारातल्या एका सूत्रावर आमच्याकडे बराच वेळ गेला:

लाल ग्रहाला घेराव ज्वारीच्या गावी (५).

भाचीला लाल ग्रह म्हणजे मंगळ हे तत्काळ कळले. मग ‘घेराव’ हा खुणेचा शब्द आहे असे तिने धरले, म्हणजे मंगळाच्या दोन्ही बाजूंना कोणती तरी अक्षरे आली पाहिजेत. मंगळ तीन घरांचा, उत्तर पाच घरांचे, म्हणजे एक अक्षर आधी आणि एक नंतर. तिने जवळजवळ सगळी बाराखडी लावून पाहिली. तिची विचारसरणी चुकीची नव्हती. घेराव, वेढा, कवेत, पोटात हे शब्द बहुतेक वेळा खूण म्हणूनच येतात. पण इथे ‘घेराव’ हाच माल होता. घेराव म्हणजे वेढा, आणि मंगळ + वेढा = मंगळवेढा. ज्वारीचे गाव म्हणून मंगळवेढ्याचे नाव आमच्या जिल्ह्यात कोणालाही सांगावे लागत नाही. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. खुणेचा शब्द म्हणून धरलेला शब्द दहा मिनिटांत फळला नाही, तर त्याला खुणेच्या जागेवरून उतरवून त्याचा समानार्थी शब्द काढून पाहावा, हा नियम त्या दिवशी भाचीने स्वतःहून आपल्या वहीत लिहिला.

या सूत्राच्या स्पष्टीकरणात ‘-ला’ आणि ‘-ई’ यांनाही जागा द्यावी लागते. ‘ग्रहाला’ यातला -ला दोन भाग एकमेकांना लागून आहेत एवढे सांगतो. ‘गावी’ यातली -ई उत्तर त्या गावात सापडेल असे सांगते. ही छाननी काहींना कीस काढल्यासारखी वाटेल, परंतु उलगडा लिहिताना एवढी काटेकोर नजर ठेवली तरच स्वतः सूत्र रचताना हात सैल सुटत नाही.

पोटात घेणे

एक शब्द दुसऱ्याच्या पोटात जातो, हा प्रकार दडलेल्या शब्दासारखा दिसतो आणि तिथेच नवशिका अडकतो, कारण ‘आत’, ‘मध्ये’, ‘पोटात’ या खुणा दोन्हींना चालतात. फरक असा की दडलेला शब्द कागदावर छापलेलाच असतो, तर या प्रकारात आधी समानार्थी शब्द काढावे लागतात आणि मग एक दुसऱ्यात बसवावा लागतो. म्हणून ‘मध्ये’ दिसले की आधी छापलेली अक्षरे तपासावीत. तिथे काही नसेल तरच समानार्थी शब्दांकडे वळावे.

‘लोकांमध्ये शाबासकी मिळवणारा सैनिक (३)’. लोक म्हणजे जन. शाबासकी म्हणजे ‘वा!’. ज आणि न यांच्या मध्ये वा ठेवला की ‘जवान’. वरवरचे वाक्य आणि उत्तर इतके एकजीव झाले आहे की हे सूत्र रचून झाल्यावर मला दोन दिवस आनंद होता.

उलट वाचन, आद्याक्षरे, ध्वनी

उलट वाचनाच्या खुणा सरळ असतात: उलटे, परतलेले, माघारी, फिरवून. उभ्या शब्दासाठी ‘वर चढणारे’ असेही लिहितात, कारण उभा शब्द उलटा वाचला की तो खालून वर जातो. आडव्या शब्दाला ही खूण लावणे चूक आहे. ‘“सदा मरा” हे उलटवून दाखवणारे समर्थ (४)’ या सूत्रात स, दा, म, रा ही अक्षरे शेवटाकडून वाचली की ‘रामदास’ मिळतात. काही शब्द दोन्हीकडून सारखेच असतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी खूण लागते: ‘उलटली तरी तशीच, सोलापूरची भाकरी असते अशी (३)’. क, ड, क. शेंगाचटणीसोबत महिनाभर टिकणारी भाकरी ज्याने मोडून खाल्ली आहे त्याला अर्थभाग कळेलच; ‘उलटली तरी तशीच’ ही सूचना शब्दाच्या अक्षरांबद्दल आहे, हे मात्र स्पष्टीकरणात लिहायला विसरू नये.

आद्याक्षरांच्या सूत्रात ‘आरंभी’, ‘तोंडी’, ‘डोक्यावर’ अशा खुणा येतात. ‘तहानलेल्या लाखो वस्त्यांच्या तोंडी हिप्परगा (३)’: त, ला, व. उत्तर तलाव. इथे हिप्परगा हे तलावाचे एक उदाहरण आहे, व्याख्या नाही. नेमकेपणाचा आग्रह धरणारे रचणारे अशा ठिकाणी ‘उदाहरणार्थ’ किंवा ‘जसे’ घालतात, आणि तो आग्रह योग्य आहे. मी तो इथे पाळलेला नाही, हे या सूत्राचे उणेपण मानावे.

ध्वनीवर आधारलेली सूत्रे मराठीत थोडी असतात, कारण आपण बोलतो तसे लिहितो. तरीही ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या शिल्लक राहतात. ‘ऐकावे तर मुलगा, पाहावे तर धागा (२)’. मुलगा म्हणजे सुत, धागा म्हणजे सूत. बोलताना दोन्ही एकच वाटतात, लिहिताना उकार बदलतो, आणि चौकटीत कोणते लिहायचे ते ‘पाहावे तर’ सांगते. या प्रकारच्या सूत्रात कोणते रूप अंतिम हे निःसंदिग्ध असले पाहिजे. नसेल, तर छेदणाऱ्या शब्दाची वाट पाहावी.

दोन अर्थांचा प्रकार सुरुवातीला आलाच आहे. त्याची ओळख अशी की सूत्र आखूड असते आणि खुणेचा शब्द कुठेच सापडत नाही. ‘मधमाश्यांनी वसवलेले तालुक्याचे गाव (३)’ म्हणजे मोहोळ, आणि ‘नान्नजच्या माळढोकाचे घर गळ्यात घालावे (२)’ म्हणजे माळ.

न्याय्य सूत्र कोणते

पहिले शब्दकोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात छापले. ते साध्या अर्थांचे होते. गूढ सूत्रांचे कोडे पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये रुजले. तिथे ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉईस मॅथर्स यांनी १९२६ पासून ऑब्झर्व्हरमध्ये केवळ गूढ सूत्रांची कोडी दिली. त्यांच्यानंतर त्याच वृत्तपत्रात ‘झिमेनीझ’ या नावाने लिहिणारे डी. एस. मॅकनट यांनी नियमांची बांधणी केली. चांगल्या सूत्रात नेमका अर्थभाग असावा, प्रामाणिक शब्दखेळ असावा आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे, हे त्यांच्या शिकवणीचे सार आहे. आपल्याकडे कूट रचण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. महाभारतात व्यासांनी ८,८०० कूटश्लोक घातले, आणि त्यांचा अर्थ लावताना गणपती क्षणभर थांबे तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचत, अशी कथा आहे. पण कूटश्लोकाचा अर्थ लागला की काम संपते. गूढ शब्दकोड्यात अर्थासोबत अक्षरांचाही ताळा जुळतो, आणि हा ताळा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

म्हणून सोडवताना सूत्राची परीक्षाही करावी. चहासाठी ‘चा’ घ्यायचा असेल तर ‘गावाकडच्या’ हा शब्द सूत्रात हवाच; तो नसता तर ‘चहाच्या भावाने’ एवढ्यावरून चादर काढायला लावणे अयोग्य ठरले असते. सूत्रात एखादा शब्द केवळ वाक्य गोड करण्यासाठी घातलेला आढळला, तर स्पष्टीकरणात तसे नोंदवावे. दोष रचणाऱ्याचा असेल तर सोडवणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये.

चौकटीचा उपयोग

मराठी उत्तरे बहुधा दोन ते पाच घरांची असतात, त्यामुळे छेदणारे एक अक्षर मिळाले तरी मोठी मदत होते. इंग्रजीत छेदातून कधी नुसता स्वर मिळतो. आपल्याला व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम मिळतात. मात्र हे अक्षर काना-मात्रेसकट जुळले पाहिजे. ‘सदर’च्या पहिल्या घरातून ‘सूत’ खाली उतरणार नाही, कारण स वेगळा आणि सू वेगळा. ज्या सूत्रांत दडलेला शब्द किंवा उलथापालथ असल्याची शंका येते ती आधी घ्यावीत, कारण त्यांची अक्षरे समोरच असतात. त्यांच्या छेदांवरून जोडणीची आणि पोटात घेण्याची सूत्रे सोडवावीत. आणि खुणेशिवाय नुसत्या कल्पनेवर उभी असलेली सूत्रे शेवटी ठेवावीत. ‘आडवे झाल्यावरही सुटत नाही, म्हणून उभे पाहावे (२)’ हे असे एक सूत्र आहे. त्यात खेळवायला अक्षरे नाहीत, फक्त वाक्याकडे पाहण्याची नजर बदलायची आहे, उत्तर ‘कोडे’.

स्पष्टीकरणाची वही

स्पष्टीकरण लिहिताना आम्ही चार गोष्टी याच क्रमाने लिहितो: अर्थभाग, कच्चा माल किंवा त्याचे समानार्थी शब्द, खूण, आणि शेवटी अक्षरे सुटी करून दाखवलेले उत्तर. शेवटच्या ओळीत, सूत्रातला कोणता शब्द कशासाठी आला हे सांगता आले नाही तर तो शब्द अधोरेखित करून ठेवतो, आणि पुढच्या रविवारी पहिल्यांदा त्याकडेच वळतो. आमच्या वहीत असे अधोरेखित शब्द बरेच आहेत. त्यांतले काही अण्णांनी सहा-सहा महिन्यांनी सोडवले, एकदा तर गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत चालता चालता.

हे सगळे वाचून झाल्यावर पुढचे सूत्र कागदावर उतरवून घ्यावे, उत्तर मनात आले तरी लगेच लिहू नये, आणि वरच्या चार ओळी पूर्ण करूनच ते चौकटीत भरावे:

बुद्धीला अंगरखा चढवला स्वामींच्या गावी (५).